मोज्याचा पाव्हणा

सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. हे सुरात म्हटलेलं आजही एखाद्या शाळेच्या खिडकीतून कानावर आलं की मी भराभर पावलं उचलून पुढं निघते. पोरांनी मान हलवत, डोळे फळ्यावरच्या माशीकडे लावून म्हटलेलं ते मांजर. बरं, मांजर वाडीत घरटी एक होतं. पण शाळेच्या व्हरांड्यात खरं मांजर आलं तर एकाही पोराच्या तोंडून कॅट निघायचं नाही. तेव्हा ते आपलं 'हाड हाड'.

पिंपरी पेंढारकडच्या एका वाडीवर आमची शाळा होती. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी हेडमास्तरांकडे. दोन खोल्यांच्या मध्ये एक दार. ते कायम उघडं ठेवायचं असा हेडमास्तरांचा हुकूम होता, म्हणजे खुर्चीतून न उठता त्यांना माझ्या वर्गावर नजर ठेवता यायची. उठायचा त्यांना मुळातच कंटाळा. तोंडात तंबाखूचा बार, आणि पिचकारी मारायची तर मागची खिडकी. त्या खिडकीखालची भिंत मी सात जन्म विसरणार नाही. शी!

मी अवसरी बुद्रुकची. डी.एड. झालं तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं, म्हणून आम्हां प्राथमिकच्या बायांना त्याची झळ नव्हती. मग पहिलीपासून इंग्रजी आलं आणि सगळ्यांची पळापळ झाली. आम्हाला जुन्नरला प्रशिक्षणाला बोलावलं. एका हॉलमध्ये दिवसभर बसवून एका साहेबांनी कागदावरून वाचून सांगितलं, की लहान मुलांना बसवून, वाचून दाखवून भाषा शिकवू नये. कृतीतून शिकवावी, खेळातून शिकवावी. आम्ही जागच्या जागी बसून ते लिहून घेतलं. माझ्या शेजारची एक बाई तर मान खाली घालून चक्क झोपली होती, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. दुपारी जेवणावर अशी झुंबड, की भाषा-बिषा सगळी पत्रावळीत गेली.

पण ते वाचून दाखवणाऱ्यानं एक वाक्य वाचलं होतं, ते माझ्या डोक्यात राहिलं. मुलाला बोलायची गरज पडली पाहिजे, असं काहीतरी. एसटीत बसल्यावर मी विचार करत होते, आमच्या पोरांना इंग्रजी बोलायची गरज पडणार कुठं? घरी मराठी, रानात मराठी, दुकानदार शेठ मूळचा राजस्थानचा, तोसुद्धा आमच्यापेक्षा चांगली मराठी बोलणारा.

शेवटी मी नवऱ्याचा एक मोजा घेतला. जोडीतला दुसरा कुठं हरवला होता. त्याला दोन काळी बटणं शिवली, तांबड्या दोऱ्यानं तोंड काढलं आणि तो हातात घालून वर्गात गेले. सांगितलं, "हे पाव्हणं आहेत. लई लांबून आलेत. यांना मराठीचा एक शब्द कळत नाही."

पोरं हसली. एक जण म्हणाला, "बाई, ह्यो तर मोजा हाय."

"असू दे. आलेल्या माणसाला दारात असंच उभं करतात काय तुमच्यात?"

झालं! पाव्हण्याला ताटकळत ठेवायचं म्हणजे घराण्याची अब्रू गेली, एवढं तर आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. "बाई, या कसं म्हनायचं?" कम. "बसा?" सिट. "पानी द्याया पायजे की त्याला!" वाटर. पहिल्या दिवशी मी काही शिकवलंच नाही, नुसतं विचारल्याचं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी भाकरी आणली. भाकरीला इंग्रजीत काय म्हणतात ते मलाही माहीत नव्हतं, मग "ईट भाकरी" असंच ठरलं. पाव्हणा म्हणाला, "नो, नो." त्यावर पोरं काय ऐकतात! "मोर! मोर! वन मोर!" आग्रहाला इंग्रजी लागलं, आणि ते त्यांना आपोआप यायला लागलं. टोमॅटोचे दिवस होते, म्हणून पाव्हण्याला टोमॅटो दाखवायचे: रेड, ग्रीन, बिग, स्मॉल. बापाच्या हाताखाली क्रेट भरताना प्रतवारी करणारी पोरं ती, टोमॅटोच्या बाबतीत चुकतील कशी? पाव्हण्यानं स्मॉलला बिग म्हटलं की अख्खा वर्ग त्याच्या अंगावर धावायचा.

गो सुद्धा त्यांना येत होतं, हे आधीच सांगून ठेवते. दाराजवळ गो, फळ्याजवळ गो. शाळेत शेळी शिरली की "गो! गो!" करून हाकलून यायची. पण पाव्हणा निघाला तेव्हा मी म्हटलं, "आता पाव्हण्यांना काय म्हणाल?" मीच सुचवलं, "गो?"

एक पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं बाई, पाव्हन्याला कुनी जा म्हनतं व्हय? या म्हनायचं."

आणि सगळ्यांनी हात हलवून निघालेल्या मोज्याला निरोप दिला: "कम! कम!"

मी ते तसंच राहू दिलं. आमच्याकडं माणूस निघाला की त्याला या म्हणतात, परत यावं म्हणून. बाय शिकवायला पुढं आयुष्य पडलं होतं.

या सगळ्यात एक पोरगी होती, ती बोलायची नाही. जूनपासून एक शब्द नाही. हजेरीला नाही, पडली-लागली तरी नाही. मळ्यात राहायची; आई कांद्याच्या खुरपणीला, बाप गाडीवर, घरात एक बारका भाऊ. तिला शाळेत सोडायला आजोबा यायचे. त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, "बाई, घरी बी कवामवाच बोलती. दिवाळीपातुर बघू. न्हाईच बोलली तर साळंत बसून तरी काय करायची? बारक्याला संबाळंल घरी."

म्हातारा दुष्ट नव्हता. पण एकदा बारक्याला सांभाळायला घरी बसलेली पोरगी परत शाळेत आलेली मी तरी पाहिली नव्हती.

ही पोरगी पाव्हणा आला की भिंतीला टेकून बघायची. नुसतं बघायची. मी तिला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. गप्प पोराच्या तोंडासमोर तोंड नेऊन "बोल, बोल" करणारी माणसं मला आवडत नाहीत. एक दिवस पाव्हण्याला मी ठसका लावला. खों खों करून मोजा पार वाकला. बाकीची पोरं हसत होती. ही उठली, बाटलीच्या झाकणात पाणी ओतलं, आली आणि मोज्याच्या तोंडाला झाकण लावून म्हणाली, "वाटर."

माझा हात मनगटापर्यंत ओला झाला. मी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. पाव्हण्याच्या आवाजात म्हणाले, "थँक्यू." ती म्हणाली, "सिट." आणि जागेवर जाऊन भिंतीला टेकली.

त्या दिवसापासून ती पाव्हण्याशी बोलायला लागली. फक्त पाव्हण्याशी, आणि फक्त इंग्रजीत. मी पळत जाऊन आजोबांना सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला उन्हाचा त्रास झालाय.

"इंग्रजीत बोलली? आन मराठीत न्हाई?"

"हो आजोबा."

"बाई, गरिबाची चेष्टा करता व्हय? माज्या कानानं ऐकल्याबिगर मी न्हाई मानायचो."

मग आली साहेबांची भेट, तालुक्याहून शाळा तपासायला येतात त्या साहेबांची.

भेट म्हणजे काय असतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. आठवडाभर आधीपासून शाळा शाळा राहत नाही. हेडमास्तरांच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. त्यात तक्ते, खेळण्यातली फळं, अक्षरांचे ठोकळे, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवलेलं. पोरांच्या हातानं घाण होतं म्हणून. मी आल्यापासून त्यातल्या एका केळ्यालाही पोराचा हात लागला नव्हता. ते कपाट भेटीच्या आदल्या दिवशी उघडलं, भिंती भरल्या. मग हेडमास्तर माझ्या वर्गात आले, बोटानं पोरं मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, "उद्या पुढच्या दोन रांगांत आपली चौथीची चांगली पोरं बसवू. उंची कमी असलेली निवडलीत मी. तुमची मागं बसतील, तोंडावर बोट."

"म्हणजे चौथीची पोरं पहिलीची म्हणून?"

"सगळीकडे असंच असतं, बाई. आणि तो मोज्याचा खेळ नको साहेबांसमोर. पायातली वस्तू ती, किळस वाटते."

ज्या तोंडातून तंबाखूची लाळ ओघळत होती, त्या तोंडानं हा माणूस मला किळसेचं सांगत होता. मी काही बोलायच्या आत ते भिंतीकडं वळले. "आणि ती मुकी. तिला खिचडीच्या खोलीत बसवा. साहेबांनी तिलाच नेमकं काही विचारलं तर शाळेची अब्रू जायची."

मी भांडले. खूप भांडले. तोंडातून येईल ते बोलले, आणि शेजारच्या मळ्यातल्या बायका खुरपं थांबवून बघायला लागल्या. हेडमास्तर तंबाखू मळत राहिले. दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेईपर्यंत पोरीला त्यांनी स्वतःच उचलून खिचडीच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. खिचडी करणाऱ्या मावशींनी तिच्या हातात लसूण सोलायला दिला होता.

साहेब जीपमधून दुपारी उतरले. वर्गात आले, तक्त्यावरच्या मांजरावर बोट ठेवून म्हणाले, "व्हॉट इज धिस?" पुढच्या रांगेतला चौथीतला पोरगा ताडकन उठला: "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर!" साहेब म्हणाले, "व्वा! पहिलीच्या मानानं उत्तम." त्या पोराला मिशांची लव फुटायला आली होती हो! साहेबांना दिसत नव्हतं काय? दिसत होतं. सगळ्यांना सगळं दिसत होतं. माझी खरी पहिलीची पोरं मागं तोंडावर बोट ठेवून बसली होती आणि त्यातली एक हळूच म्हणाली, "बाई, पाव्हन्याला पानी न्हाई दिलं कुनी." मी तिला गप्प केलं. त्या क्षणी मला माझीही चीड आली.

मग जेवण. वाडीत कोंबडी कापली होती. साहेब खात होते, हेडमास्तर शेजारी उभे राहून टॉवेलनं माशा वारत होते आणि तेलाची तर्री साहेबांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली होती. खाणं झाल्यावर ढेकर. कृतीतून शिकवता हे पाहून समाधान वाटलं, असं ते दात कोरत म्हणाले. मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

जीप खिचडीच्या खोलीसमोर लावली होती. साहेब निघाले तसे आम्ही सगळे मागं. आणि खोलीतून ती पोरगी बाहेर आली. हातात मावशींचा स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला. हाताला लसणाची टरफलं चिकटलेली. साहेबांसमोर उभी राहून तिनं पेला वर केला.

"वाटर."

जिवंत माणसाशी शाळेत बोललेला तो तिचा पहिला शब्द. साहेबांनी पेला घेतला नाही. ते हसून म्हणाले, "अरे वा! बाय बाय, बेटा."

ती म्हणाली, "कम."

साहेब खो खो हसले. "चाललोय मी, आणि ही म्हणते कम! हेडमास्तर, काय शिकवता काय?"

"जरा मंद आहे, साहेब." हेडमास्तरांनी तिचा खांदा धरला आणि हलवला. "गो म्हण. साहेबांना गो म्हण! सर, गो! म्हण की!"

पेल्यातलं पाणी तिच्या फ्रॉकवर सांडत होतं. मी पुढं झाले. "साहेब, तिला गो येतं. तिनं आलेल्या माणसाला जा म्हटलं नाही, एवढंच."

"मॅडम," साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "इंग्रजीत असलं पाव्हणे-रावळे काही नसतं. करेक्ट शिकवा." आणि जीप गेली. धुळीत आम्ही उभे. पोरीनं उरलेलं पाणी खाली ओतून टाकलं, पेला मावशींना दिला आणि खोलीत जाऊन लसूण सोलायला बसली.

त्यानंतर ती बोलली नाही. पाव्हण्याशीसुद्धा नाही. मी ठसका लावला, पाव्हण्याला रडवलं, उपाशी ठेवलं. ती भिंतीला टेकून खाली बघायची. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती, आणि रोज सकाळी आजोबा तिला सोडून वळताना माझ्याकडे बघायचे. विचारायचे काही नाहीत. ते न विचारणं मला झोपू द्यायचं नाही.

हेडमास्तरांनी मात्र साहेबांचा शब्द मनावर घेतला. एवढ्यासाठी तो माणूस खुर्चीतून उठला! माझ्या वर्गात येऊन, हातात छडी घेऊन, "जाणाऱ्याला काय म्हणायचं? गो! सगळे! जाणाऱ्याला काय म्हणायचं?" पोरं ओरडायची, "गो!" गो म्हणजे जा, जी ओ गो, गो म्हणजे जा. मांजराच्या सुरातच. मी दात-ओठ खात खिडकीपाशी उभी राहायचे. एवढी शिसारी मला त्या तंबाखूच्या भिंतीचीही कधी आली नव्हती.

सुट्टी लागायच्या दिवशी आजोबा दुपारीच आले. दारात उभे राहिले, टोपी सारखी केली. "बाई, तिचं दप्तर द्या. न्हेतो आता."

मी खुंटीवरून दप्तर काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "थांबा, आजोबा. तास संपू द्या." दुसरं मला काही सुचलं नाही. मी मोजा हातात चढवला. पोरांनी सवयीनं कम म्हटलं, सिट म्हटलं, ईट आणि मोर म्हटलं. सुट्टीच्या आनंदात होती पोरं. मी पाव्हण्याला शक्य तितका वेळ बसवून ठेवलं. भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते. ती खालीच बघत होती. शेवटी पाव्हणा उठला.

"गो!" अख्खा वर्ग ओरडला. मोठ्यानं, छान, एका सुरात. "गो! गो! गो!" शेळीला हाकलतात तसं. पलीकडच्या खोलीतून हेडमास्तरांचा आवाज आला, "शाब्बास!"

माझा हात खाली गेला. खरं सांगते, त्या क्षणी मी तो मोजा काढून फेकून देणार होते आणि नोकरीसुद्धा.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. ती उभी होती. तोंड लालबुंद. तिनं मोज्याला दोन्ही हातांनी धरून खाली चटईवर बसवलं. "सिट." मग वर्गाकडं वळली आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली, की पुढची पोरं मागं सरकली. "नो गो! नो! नो गो!"

तिनं बाटली उघडली, झाकणात पाणी ओतलं. "वाटर." मोज्याच्या पाठीवरून हात फिरवला. "ईट. मोर. वन मोर."

मी आजोबांकडे पाहिलं. ते चौकटीला धरून उभे होते.

"बाई, काय म्हनली ती?"

"बस म्हणाली, आजोबा. जाऊ नको म्हणाली. पाणी पी, जेव, अजून घे म्हणाली."

"तिच्या आजीवानीच की ही, ती बी पाव्हन्याला उठू द्याची न्हाई," आजोबा म्हणाले. आत आले आणि हातातलं दप्तर त्यांनी पुन्हा खुंटीला लावलं. दप्तर तिथं ठेवायचं कारण नव्हतं, सुट्टी होती. पण त्यांनी लावलं, नीट अडकलं का ते ओढून पाहिलं. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "बरं बाई, येतो. साळा सुटली की न्हेतो हिला, आन सुट्टी संपली की परत आनून सोडतो."

ते दारापर्यंत गेले. पोरीनं चटईवरून मान वर केली.

"कम," ती आजोबांना म्हणाली.

"गो!" पलीकडून हेडमास्तर ओरडले. "गो म्हणायचं, गो!"

मी उठले आणि मधलं दार लावून घेतलं.